पूर यायच्या आधीच नुकसानभरपाईचा मेल

जुलैतली गोष्ट आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पातळी ३७ फूट, म्हणजे इशारा पातळीसुद्धा अजून दोन फूट लांब, आणि आमच्या शिरोळ तालुक्यात तर चक्क ऊन पडलेलं. शेजारचे तात्या मोबाईल घेऊन माझ्या सेवा केंद्रात आले. "बघ की रं जरा, पैसं आल्यात वाटतंय." बघितलं तर मेल. वर नाव जिल्हाधिकारी कार्यालयाचं, खाली लिहिलेलं की पूरग्रस्त म्हणून तुम्हाला २५ हजार मंजूर झालेत, आज रात्री बाराच्या आत खालच्या लिंकवर बँकेची माहिती भरा नाहीतर रक्कम परत जाईल.

मी म्हटलं, "तात्या, पूर कुठं आलाय अजून?"

तात्या हसले, पण मोबाईल काय खाली ठेवला नाही. "आगाऊ दिलं असतील," म्हणाले.

आता गंमत बघा. हेच तात्या गेले तीन दिवस पोरगा जनावरं वर हलवूया म्हणत होता तर "बघू की, नदी अजून पात्रात हाय" म्हणून खाटेवर बसून होते, आणि मेल आल्यावर मात्र दहा मिनिटांत माझ्या दारात. हसू नका, आपण सगळेच असे आहोत. पुरात आपण उशीर करतो आणि मेलात घाई करतो. पाहिजे बरोबर उलटं, कारण आपल्याकडचा पूर आकडे सांगत सांगत येतो, तिथं लवकर हललं तर सगळं वाचतं, आणि फसवणारा मेल तुम्हाला पळवतच असतो, तिथं मुद्दाम रेंगाळलं की त्याचा अर्धा डाव तिथंच मोडतो. म्हणून दोन्ही एकाच लेखात घेतोय. शिवाय आमच्याकडं दोन्ही एकाच सीझनमध्ये येतात.

फूट, क्युसेक, टीएमसी: तीन आकडे, तीन अर्थ

पावसाळ्यात ग्रुपवर मेसेज पडतो, राधानगरी धरणाचे अमुक दरवाजे उघडले, विसर्ग इतका, पातळी इतकी, धरणात साठा इतका. अर्ध्या लोकांना हे सगळं एकच वाटतं आणि उरलेले नुसतं "काळजी घ्या 🙏" टाकतात.

घरावरची टाकी डोळ्यापुढं आणा. टाकीत किती पाणी मावतं ते टीएमसी. नळ किती जोरात सोडलाय ते क्युसेक. आणि खाली मोरीत पाणी किती चढलंय ते फूट. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, राधानगरी साधारण ८.३६ टीएमसीचं, कोयना १०५ टीएमसीचं, यावरनं कोयना केवढी मोठी टाकी आहे ते कळतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, दोन घागरी म्हणा. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या आपल्या राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात, कुणी साहेब येऊन बटण दाबत नाही, त्यामुळं "रात्रीच का सोडलं पाणी" म्हणून तिथल्या माणसांना शिव्या घालण्यात अर्थ नसतो. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. गुणाकार करा, सेकंदाला चाळीस हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला, एका दरवाजातनं.

पण आपल्याला बुडवते मोरी, त्यामुळं बघायचा आकडा फुटाचा. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा मोजतात, तिथं ४० आणि ४५. आम्ही शिरोळवाले दोन्हीकडं डोळा ठेवून असतो कारण आमच्याकडं दोन्ही नद्या येतात.

आता यातली खरी मेख. ४३ फूट म्हणजे तुमच्या दारात ४३ फूट पाणी नव्हे आणि ४३ च्या खाली आहे म्हणजे तुम्ही सुरक्षित असंही नव्हे. ती एका ठिकाणी लावलेली पट्टी आहे, तुमचं घर त्या पट्टीवर कुठं बसतं हे तुम्हालाच काढावं लागतं. कोल्हापूर शहरात हे लोकांना पाठ असतं, सुतारवाड्यात पाणी कधी शिरतं, कुठल्या गल्लीत त्यानंतर कधी येतं. गावात पण म्हाताऱ्या माणसांना विचारा, मारुतीच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा राजारामला किती होतं, ओढ्यातनं गावात शिरलं तेव्हा किती. दोन-तीन पुरांचे आकडे जुळवा आणि तो आकडा घराच्या भिंतीवर रंगानं लिहा. तो तुमच्या घराचा आकडा. आमच्या घरी तो दाराच्या मागं लिहिलाय, पाहुणे विचारतात हे कसलं माप.

"आमच्याकडं तर पाऊसच नाही"

पुरात अडकलेल्या माणसाचं पहिलं वाक्य हेच असतं. आणि ते खरंही असतं, हीच भानगड आहे.

घाटातल्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात येईपर्यंत तो हजारावर येतो आणि शिरोळला त्याच्याहून कमी. म्हणजे आपला पूर आपल्या आभाळातनं पडतच नाही, तो घाटात पडतो आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतनं खाली येतो, या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र होतात, पाचवी सरस्वती गुप्त धरायची, म्हणून पंचगंगा. तुमच्या अंगणात वाळवण घातलेलं असतं आणि वर पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडं ढग फुटल्यासारखं कोसळत असतं. त्यामुळं खिडकीतनं बाहेर बघून पुराचा अंदाज बांधायचा नाही. हवामान खात्याचा घाटमाथ्याचा अलर्ट बघायचा. अतिमुसळधार, मुसळधार हे शब्द ते हौसेनं वापरत नाहीत, २४ तासात ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार आणि २०४.५ च्या वर गेलं की त्याच्याही पुढचं, असं मोजमाप ठरलेलं आहे.

दुसरं, पाणी आलं तर आलं, उतरत का नाही? तर गळीत हंगाम आठवा. गावातल्या फाट्यावरनं उसाचे ट्रॅक्टर हायवेला चढायला बघतात, पण हायवेवरच कारखान्याच्या काट्यापर्यंत रांग लागलेली असेल तर फाट्यावरचे ट्रॅक्टर तिथंच उभे, आणि मागनं अजून येतच असतात. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही, पाणी मागं मागं साचत जातं, त्याला फुगवटा म्हणतात. म्हणून आमच्याकडं पाणी चढतं सावकाश आणि उतरतं त्याहून सावकाश, आठ-आठ दिवस घरात बसून राहतं. (खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं काय, असं लगेच कुणीतरी विचारणार. त्यावर चहाच्या गाड्यावर रात्र काढता येते, पण अलमट्टीनं काय करावं यावर तुमचं जनावर कधी सोडायचं ते ठरत नाही.)

सावकाश चढतं ही खरं तर आपली चैन आहे. डोंगरातल्या लोकांना दरड कोसळताना एवढा वेळ मिळत नाही. आणि आपण तो वेळ पुलावर पूर बघायला जाऊन घालवतो.

"पाच साली गोठ्यापर्यंतच आलेलं"

हे आमचंच घरातलं वाक्य. २००५ चा पूर बघितलेले आजोबा २०१९ ला म्हणत होते की पाच साली पाणी गोठ्यापर्यंत आलं, त्याच्या पुढं येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजारामला पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली, गोठा सोडा, आमच्या खिडकीच्या गजाला पाणी लागलं आणि आजीला पाठुंगळी मारून बोटीत ठेवावं लागलं. तेव्हा सगळे म्हणाले असा पूर शंभर वर्षातनं एकदा येतो. पुढच्या दोनच वर्षांत, २०२१ च्या जुलैत, राजारामला ५६ फूट ओलांडलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर तुटलं, दूध नाही, पेट्रोल नाही, एटीएममध्ये पैसे नाहीत.

मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची हद्द नसते.

म्हणून आता आमच्या घरी भांडण नको म्हणून आधीच ठरवून ठेवलंय, उन्हाळ्यात, डोकं थंड असताना. राजारामला ३९ झालं की कागदपत्रं, औषधं, चार्जर, थोडी रोकड एका डब्यात. ४१ ला जनावरं पाहुण्यांकडं माळावर. ४३ ला माणसं. हे आमच्या घराचं माप आहे, तुमचं वेगळं असेल, नदीला लागून असाल तर आणखी आधी. पण एकदा आकडा ठरला की त्या दिवशी चर्चा करायची नाही, आकडा आला, उठायचं. आजोबा पहिल्या वर्षी कुरकुरले, पाणी आलंच नाही, उगाच हेलपाटा झाला म्हणाले. झाला तर झाला. जनावरं चार दिवस माळावर चरली एवढंच.

मोटर राहू दे

पुरात जीव कसा जातो हे शहरातल्या लोकांना वाटतं तसं नसतं. झोपेत लाट येऊन माणूस वाहून गेला असं आपल्याकडं शक्यतो होत नाही. जीव जातो तो काहीतरी आणायला गेल्यावर.

सगळ्यात पहिली म्हणजे नदीकाठची मोटर. पाणी वाढायला लागलं की सगळ्या गावाची मोटरी काढायची धांदल, संध्याकाळची वेळ, काठ भिजून मऊ झालेला, वर लाईट चालू आहे का बंद कुणाला माहीत नाही. मोटर काढायची तर पातळी वाढायच्या आधी, दिवसा, डीपी बंद करून, दोघं-तिघं मिळून. एकदा काठ पाण्याखाली गेला की ती मोटर नदीची. नंतर रिवाइंडिंग करून घेता येतं.

दुसरं, बंधाऱ्यावरनं पलीकडं जाणं. आपल्या जिल्ह्याचं नाव लागलेले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पावसाळा संपला की बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं, पावसाळ्यात बरगे काढायचे, आणि वरनं रस्ता. पूर आला की पहिले हेच पाण्याखाली जातात. मग एखादा दूध घालायला निघालेला गडी म्हणतो, गुडघाभर तर आहे. वाहतं पाणी वीतभर खोल असलं तरी उभ्या माणसाचा पाय उचलतं. आणि गाडीचं म्हणाल तर हिशेब करून बघा, छोटी कार साधारण एक टनाची, तिचा तळ चार मीटर बाय दीड मीटर धरला तर सहा चौरस मीटर, म्हणजे तळाला पाणी टेकल्यावर अजून सोळा-सतरा सेंटिमीटर चढलं की गाडीचं सगळं वजन पाण्यानंच पेललेलं असतं. चाकं जमिनीला नावापुरती. तेवढ्यात प्रवाहानं एक धक्का दिला की संपलं. ट्रॅक्टर जड असतो म्हणून भरवसा ठेवू नका, खालचा रस्ता वाहून गेलाय का शिल्लक आहे हे गढूळ पाण्यातनं ट्रॅक्टरवाल्यालाही दिसत नाही.

वीज. पाणी बोर्डापर्यंत यायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या हातानं. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, तसं झालं तर महावितरणच्या १९१२ ला फोन करून लाईनच बंद करायला सांगायची. आणि इन्व्हर्टर विसरू नका, मेन पाडला तरी तो घरात करंट देतच असतो, छतावर सोलर असेल तर उजेड असेपर्यंत त्याच्या वायरीतही करंट असतो. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा.

बोट आली तर? बसा, पण क्षमतेएवढेच. २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं जास्त झालेली, सगळ्यांना एकदमच निघायचं होतं. पुढच्या खेपेला जाईन म्हणायला धीर लागतो पण म्हणावं लागतं. आणि खेपांची वेळच येऊ नये म्हणून तर आधी सांगितलेला आकडा.

"घर सोडलं तर चोरी होईल, आणि जनावरांचं काय?"

दोन्ही शंका रास्त आहेत, याला "जीव महत्त्वाचा" असं तोंडी उत्तर देऊन उपयोग नाही. बायकापोरं पाठवून एक माणूस माळ्यावर राखणीला ठेवायची पद्धत आहे, आणि शेवटी त्या एका माणसासाठीच रात्री बोट पाठवावी लागते. त्यापेक्षा गल्लीतल्या तरुण मंडळानं ठरवून घ्यावं, गावाच्या उंच टोकाला पाळी लावून थांबायचं, सोनं-नाणं अंगावर किंवा बँकेत, भांडीकुंडी माळ्यावर. चोरालाही पोहूनच यावं लागतं हेही लक्षात घ्या.

जनावरं वेळेत हलवायची. नाहीच जमलं तर निघताना दावं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, मोकळी म्हैस पोहून उंचवटा शोधते, आणि कानातल्या बिल्ल्यावरनं नंतर ओळख पटते. बिल्ल्याचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या, पंचनाम्यालाही उपयोगी पडतो.

अडचण आली तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, कुठलीही तातडी ११२, ॲम्ब्युलन्स १०८.

पाणी उतरल्यावर

थोडक्यात. घरात शिरताना काठी आपटत शिरा, घोणस-नाग कोरड्या जागेच्या शोधात तुमच्याच कपाटात बसलेले असतात. चावला तर मांत्रिक नको, चिरा नको, सरळ सरकारी दवाखाना. पाणी उकळून प्या, विहिरीत ग्रामपंचायतीनं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्याशिवाय ती वापरू नका. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी फिरू नका, उंदराच्या मुतातनं लेप्टो नावाचा आजार होतो, ताप आला तर पूर आलेल्या गावातनं आलोय हे डॉक्टरला आवर्जून सांगा. साफसफाईच्या आधी सगळ्या नुकसानीचे फोटो काढा. इथंच मेलवाल्यांचा हंगाम चालू होतो.

"मला मेल येतच नाहीत, मी व्हॉट्सॲपवाला"

असं म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात अँड्रॉइड फोन असतो आणि तो फोन चालू करताना जीमेल खातं काढलेलं असतं. कुणी काढलं? दुकानातल्या पोरानं. पासवर्ड काय? त्यानंच टाकलेला, तुमचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन, बहुतेक त्यानं दिवसभरात विकलेल्या सगळ्या फोनला तोच. माझ्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी लोकांना आपला मेल आयडीच माहीत नसतो, पासवर्ड लांबच.

आता हे खातं म्हणजे काय ते समजून घ्या. दाराच्या मागं खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा असतो बघा, घराची, कपाटाची, गोठ्याची, गाडीची, सगळ्या एकत्र. जीमेल म्हणजे तो जुडगा. तुमचे फोटो, सगळे नंबर तिथं, आणि दुसऱ्या कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरलात तर नवीन पासवर्ड करायची लिंक येते ती पण तिथंच. ज्याच्या हातात जीमेल गेलं त्याला बाकीची कुलपं फोडायची गरज पडत नाही. म्हणून आज एक काम करा, घरातल्या पोराला बसवून पासवर्ड बदला, लांब ठेवा, आणि टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्ड कळला तरी तुमच्या फोनवर विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. पासवर्ड लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहा, कुणी काय म्हणेल ते म्हणू दे, आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्डाच्या डब्यात. ३९ फुटाला जो डबा उचलायचाय त्यातच.

पाकिटावर नाव कुणीही लिहू शकतं

या फसवणुकीला फिशिंग म्हणतात. गळ टाकणं. गांडूळ दिसतं, आतला हूक दिसत नाही.

मेलवर वर जे नाव दिसतं, 'जिल्हाधिकारी कार्यालय' वगैरे, ते पाकिटावर हातानं लिहिलेल्या नावासारखं आहे, पाठवणारा वाटेल ते टाकू शकतो. त्या नावावर बोट ठेवा, खरा पत्ता उघडतो. तो कसा वाचायचा? आपण वडगाव म्हटल्यावर लगेच विचारतो कुठलं वडगाव, तालुका कुठला, जिल्हा कुठला, कारण वडगावं पुष्कळ आहेत. पत्त्याचा शेवट बघितल्याशिवाय गाव कळत नाही. इंटरनेटच्या पत्त्याचं अगदी तेच, शेवटाकडनं वाचायचा. सरकारी खात्याचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असा संपतो, हे शेवट सरकारशिवाय कुणाला मिळत नाहीत. तात्यांच्या मेलमधला पत्ता कसा होता, तर सुरुवातीला महाराष्ट्र, मग गव्ह, मग रिलीफ आणि शेवटी 'डॉट टॉप'. म्हणजे पाटीवर गाव आपलं पण जिल्हा तिसराच. लिंकमध्ये पहिली एकटी तिरकी रेघ येते ना, तिच्या आधी जे संपतं तो शेवट धरायचा, रेघेच्या पुढं काहीही लिहिता येतं.

पण एवढं बघूनही माणूस फसू शकतो, कारण कधीकधी मेल ओळखीच्या माणसाच्या खऱ्या खात्यावरनंच येतो, त्याचं खातं चोरीला गेलेलं असतं. "पुरात अडकलोय, फोन भिजलाय, दहा हजार टाक." अशा वेळी जुन्या नंबरवर फोन लावा, त्याच्या बायकोला लावा, शेजाऱ्याला लावा. खरंच अडकला असेल तर त्याला पैशापेक्षा १०७७ जास्त लागेल.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. मेलला किंवा मेसेजला फाईल जोडलेली, नाव 'पूरग्रस्त यादी', आणि शेवटी 'डॉट एपीके'. यादी ही पीडीएफ असते, फोटो असतो. एपीके म्हणजे कागद नव्हे, ॲप. ते उघडणं म्हणजे अनोळखी माणसाला घरात राहायला ठेवून त्याला टपाल उघडायची परवानगी देणं, तुमचे मेसेज तो वाचतो, ओटीपी तुमच्या आधी त्याला कळतो. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरनं, नाहीतर नाही.

"पाच रुपयेच तर भरायचेत"

हा प्रश्न मला आठवड्यातनं एकदा तरी येतो. पंचवीस हजार मिळणार असतील तर पाच रुपये प्रोसेसिंग फी गेली तर गेली. पण त्याला तुमचे पाच रुपये नकोच असतात, पाच रुपये भरताना तुम्ही जो कार्ड नंबर, ओटीपी नाहीतर पिन टाकता तो पाहिजे असतो. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, नाहीतर शिल्लक बघायला. घ्यायला कधीही पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. आपल्या खात्यात ऊसबिल जमा करताना कारखाना तुमचा पिन विचारतो का?

मंडळांनी, ग्रामपंचायतींनी पण सांभाळा. पूर आला की परदेशी संस्थेच्या नावानं मेल येतात, तुमच्या गावाला मोठी मदत मंजूर, फक्त क्लिअरन्सचे काही हजार आधी भरा. मदत देणारा मदत घेणाऱ्याकडनं पैसे मागत नाही. आणि आपण मदत पाठवणार असलो तर फिरत आलेल्या क्यूआरवर नको, ज्या गावाला द्यायची त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून.

घाई हीच खूण धरा. "आज रात्री बारापर्यंत", "नाहीतर खातं बंद", "शेवटची संधी". कुठलंही सरकारी काम रात्री बारापर्यंत अर्जंट असलेलं मी तरी या धंद्यात बघितलेलं नाही. असा मेल आला की उद्या बघू म्हणायचं. इथं आळस चालतो.

गेलेच पैसे तर

आता मात्र पळायचं. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, पहिला फोन तिथं. का, ते बंधाऱ्यावरनं कळेल. चोर पैसे आपल्या नावच्या खात्यात ठेवत नाही, भाड्यानं घेतलेल्या खात्यांतनं पुढं पुढं सरकवतो, या खात्यातनं त्या खात्यात, जसं पाणी एका बंधाऱ्यावरनं दुसऱ्या बंधाऱ्यावर जातं. १९३० वर तक्रार गेली की पुढच्या बँकांना कळवून ती रक्कम जिथं असेल तिथं धरायचा प्रयत्न होतो, म्हणजे बरगे टाकणं. पाणी पहिल्याच बंधाऱ्यावर असताना बरगे पडले तर वाचलं, एटीएममधनं नोटा बाहेर निघाल्या की नदी समुद्राला मिळाली. लोक आधी रडतात, मग भावकीत कुणाला सांगू नका म्हणतात, मग दोन दिवसांनी माझ्याकडं येतात. लाज वाटण्यात जे दोन दिवस जातात तेवढेच त्याला पुरतात.

लगेच बँकेला कळवा, बँकेचा नंबर पासबुकावरनं नाहीतर कार्डाच्या मागचा घ्या, गुगलवर शोधून मिळालेला नको, तिथंही गळ टाकलेले असतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाजूनं लवकर कळवण्यातच फायदा. एपीके उघडला असेल तर फोन फ्लाइट मोडवर, सिम काढा, दुसऱ्याच्या फोनवरनं हे सगळं करा. मेल, मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा. आणि महिन्याभरानं "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा चुलतभाऊ समजा.

तात्यांचा मेल मी त्यांच्यासमोर रिपोर्ट केला. ते जरा नाराजच झाले, पंचवीस हजार हातातनं गेल्यासारखा चेहरा. "मग खरं पैसं कसं येत्यात?" विचारलं. सांगितलं, आधी पूर यायला लागतो. मग पाणी उतरल्यावर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात, मग यादी होते, यादीत तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो, केवायसी बाकी असेल तर तो घेऊन केंद्रात यायचं, अंगठा लावून ती करायची आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात परस्पर जमा होतात. कुठं लिंक नाही, फी भरून नाव वर काढणं नाही. आधार कुठल्या खात्याला जोडलंय तेवढं मात्र आत्ताच बघून घ्या म्हटलं, त्यावरनं नंतर फार गोंधळ होतो.

बघितलं तर तात्यांचं आधार एका जुन्या बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं. ते बदलायला बँकेत पाठवलं. जाताना म्हणाले, "म्हसरं आजच हलवू का उद्या?"

मोबाईल बघितला, राजारामला ३८ फूट ४ इंच.

"आजच," म्हटलं.